चाळीस वर्षांनी पट मांडला

मी मूळचा अमळनेरचा. 1985 साली ताप्ती लाइनच्या गाडीने सुरतला आलो, उधन्यात लूमच्या कारखान्यात लागलो. बारा-बारा तासांची पाळी. बुद्धिबळ गावातच राहिलं. ते शिकवलं होतं थोरल्या दादाने, ओट्यावर बसून, देशी पद्धतीने: प्यादं एका वेळी एकच घर.

28 जुलै 2025 ला नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला, ग्रँडमास्टरही झाली. नातीने हट्टाने पट आणायला लावला. पहिल्याच खेळीला तिने प्यादं दोन घरं पुढे टाकलं.

"रडी खेळतेस का गं?"

"आबा, नियमच आहे तसा!"

वीसेक खेळ्यांत माझ्यावर मात झाली. मग तिने विचारलं, "तुम्हाला कोणी शिकवलं?"

मी गप्प. वाटणीवरून दादाशी अकरा वर्षं बोलणं बंद होतं.

रात्री फोन लावला. काय बोलावं सुचेना. म्हटलं, "दादा, नातीने हरवलं रे मला."

तिकडे बराच वेळ शांतता. मग आवाज आला, "घोडा अजून आधीच पुढे दामटतोस ना?"

दिवाळीला पट घेऊन अमळनेरला जातोय. नवे नियम आता मी त्याला शिकवणार.