न्यायालयाच्या वतीने सरकार बोलतं तेव्हा...



न्यायालय निकालपत्रातून बोलतं, असं म्हणतात. मग त्याच्या वतीने सरकारचा माणूस बोलायला उभा राहतो, तेव्हा तो नक्की कोणाची बाजू मांडतो? मी रायगडचा. मला या प्रश्नाचं उत्तर शोधायला महाडच्या पलीकडे जावं लागत नाही.

डिसेंबर १९२७. बाबासाहेब ‘पद्मावती’ बोटीने दासगाव बंदरात उतरून महाडला आले. त्याआधीच, १४ डिसेंबरला, महाडच्या दिवाणी कोर्टाने सवर्णांच्या दाव्यावर तात्पुरता मनाई हुकूम दिला होता. चवदार तळ्यावर जायला बंदी! कुलाब्याचे कलेक्टर हूड स्वतः परिषदेत आले आणि कोर्टाचा हुकूम मोडू नका, असं सांगून गेले. हजारो लोक तुरुंगात जायला तयार असताना बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. दाव्याचा अंतिम निकाल मुंबई उच्च न्यायालयात लागला तो १७ मार्च १९३७ रोजी.

पण १९२३ चा बोले ठराव होता. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठरावही होता. त्यांची अंमलबजावणी करायला कोणता साहेब तळ्यावर उभा राहिला? मनाई सांगायला सरकार हजर, हक्क मिळवून द्यायला गैरहजर.

आजचा कायदामंत्री मला याच रांगेत उभा दिसतो. न्यायव्यवस्थेबद्दल संसदेत उत्तर द्यायला तोच असतो. केंद्राच्या न्याय विभागाने संसदीय समितीला दिलेले आकडे पाहा: २०१८ ते २०२२ या काळात उच्च न्यायालयांत नेमलेल्या ५३७ न्यायाधीशांपैकी ७९ टक्के उच्चवर्णीय. अनुसूचित जातींचे २.८ टक्के, जमातींचे १.३ टक्के. यावर सरकारी उत्तर ठरलेलं: कलम १२४, २१७, २२४ मध्ये आरक्षण नाही; नावं कॉलेजियम सुचवतं; आम्ही मुख्य न्यायमूर्तींना विनंती करतो.

कोणी म्हणेल, न्यायव्यवस्था स्वतंत्र आहे, मंत्र्याने आणखी काय बोलावं? बरोबर. न्यायाधीशांच्या निकालांबद्दल त्याने बोलूच नये. पण नेमणुकीची फाइल तर सरकारच्याच टेबलावरून जाते. न आवडलेली नावं महिनोन्महिने अडवताना हे स्वातंत्र्य आठवत नाही, आपल्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न आला की मात्र आठवतं!

२४ मे १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी न्यायाधीश नेमण्याचा अनिर्बंध अधिकार सरकारलाही दिला नाही आणि सरन्यायाधीशांनाही नकाराधिकार दिला नाही. सरन्यायाधीश हाही शेवटी माणूसच, त्यालाही पूर्वग्रह असतात, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. सल्लामसलत दोघांची, म्हणून जबाबदारीही दोघांची.

तेव्हा मंत्र्याला विचारायचं ते इतकंच: कॉलेजियमने पाठवलेली आपली किती नावं तुमच्याकडे पडून आहेत, किती दिवसांपासून, आणि का? हे उत्तर कॉलेजियमच्या नावावर ढकलता येत नाही. आपल्या खासदारांकडून हा प्रश्न प्रत्येक अधिवेशनात विचारून घ्या. महाडचा दावा नऊ वर्षांहून जास्त चालला, पण बाबासाहेबांनी तो सोडला नव्हता.