ताबा मिळतो, मालकी मिळत नाही : ऑनलाइन खेळांच्या खात्यांचा व्यवहार

ऑनलाइन खेळातील खाते म्हणजे खेळाडूची त्या खेळातील ओळख, त्याने गाठलेली पातळी, जमवलेली शस्त्रे व पोशाख आणि त्यांसाठी वेळोवेळी मोजलेले पैसे यांची कंपनीच्या सर्व्हरवर राहणारी एकत्रित नोंद होय. महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांतील मुले या खात्याला नुसते ‘आयडी’ म्हणतात आणि ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ किंवा ‘फ्री फायर मॅक्स’ अशा खेळांच्या आयडी टेलिग्राम, इन्स्टाग्राम व व्हॉट्सअ‍ॅपवरील गटांतून विकत घेतात. या बाजारात फसवणूक होते हे घेणाऱ्यांनाही ठाऊक असते. मात्र ती केवळ विक्रेत्याच्या लबाडीमुळे होते आणि प्रामाणिक विक्रेता गाठला की व्यवहार निर्धोक होतो, असा त्यांचा समज असतो. हा समज अपुरा आहे, कारण धोक्याचे मूळ या व्यवहाराच्या रचनेतच असून, ती रचना समजून घेतल्याशिवाय कोणतीही खबरदारी पुरी पडत नाही.

खेळाडू खाते उघडताना ज्या वापराच्या अटी मान्य करतो, त्यांनुसार त्याला खेळ वापरण्याचा परवाना मिळतो. खाते त्याच्या मालकीचे होत नाही. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या अटींत हा परवाना व्यक्तिगत असून दुसऱ्याला देता, विकता किंवा भाड्याने लावता येत नाही असे स्पष्ट कलम असते, आणि त्याचा भंग झाल्यास खाते कायमचे बंद करण्याचा अधिकार कंपनी स्वतःकडे राखून ठेवते. जमिनीच्या व्यवहारात खरेदीखत नोंदवले जाते आणि फेरफार होऊन सातबाऱ्यावर नव्या मालकाचे नाव चढते, तशी नोंद करणारे कोणतेही दफ्तर खेळाच्या खात्याला नाही. विक्रेता देतो तो केवळ पासवर्ड, म्हणजे ताबा. कंपनीच्या लेखी खाते त्याच्याच नावावर राहते.

खेळातील वस्तूंना खऱ्या पैशांत किंमत येणे ही गोष्ट नवी नाही. १९९७ मधील ‘अल्टिमा ऑनलाइन’ आणि १९९९ मधील ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळांच्या काळापासून वस्तू व खाती ईबेवर विकली जात होती, आणि २००१ मध्ये अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा यांनी ‘एव्हरक्वेस्ट’मधील नोराथ या काल्पनिक जगाची अर्थव्यवस्था अशा विक्रीच्या आकड्यांवरून मोजण्याचा प्रयत्न केला होता. जानेवारी २००७ मध्ये ईबेने अशी विक्री बंद केली, तेव्हा मागणी संपली नाही; ती स्वतंत्र संकेतस्थळांकडे वळली. ब्लिझर्ड कंपनीने २०१२ मध्ये ‘डायब्लो ३’ या खेळात खऱ्या पैशांचा अधिकृत लिलावबाजार उघडून पाहिला. परंतु शस्त्रे खेळून मिळवण्याऐवजी विकतच घेतली जाऊ लागल्याने खेळाचा गाभाच ढासळतो, असे कंपनीला आढळले आणि मार्च २०१४ मध्ये तो बाजार बंद झाला. कंपन्या खात्यांच्या विक्रीला विरोध करतात त्यामागे महसुलाचा विचार असतोच, पण खेळातील यश विकत घेता आले तर ते यश राहत नाही, हेही एक रास्त कारण असते.

मागणी मात्र खरी आहे आणि तिची कारणे समजण्याजोगी आहेत. काही वस्तू ठरावीक काळापुरत्याच मिळतात व नंतर कोणत्याही किमतीला मिळत नाहीत. ‘फ्री फायर’च्या सुरुवातीच्या एलिट पासमधील पोशाख जुन्या आयडीतच सापडतात. काही वस्तू केवळ नशिबाच्या पेट्यांतून निघतात. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’तील ‘ग्लेशियर’ हे एम४१६ बंदुकीचे रूप मिळवण्यासाठी किती पेट्या उघडाव्या लागतील याचा अंदाज नसल्याने, ते आधीच असलेली आयडी घेणे स्वस्त पडेल असा हिशेब मुले मांडतात. त्या हिशेबात खाते हातात टिकण्याची शक्यता धरलेली नसते. सप्टेंबर २०२० मध्ये भारत सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली त्यात ‘पबजी मोबाइल’ होता, फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फ्री फायर’ बंद झाला आणि ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ जुलै २०२२ पासून मे २०२३ पर्यंत अ‍ॅप स्टोअरमधून नाहीसा झाला होता. त्यामुळे विक्रेता कितीही सचोटीचा असला तरी खात्याची किंमत त्याच्या हाती नसते.

या व्यवहारातील सर्वांत मोठा धोका ‘रिकव्हरी’ या सोयीतून येतो. खाते चोरीला गेलेल्या खेळाडूला ते परत मिळावे म्हणून कंपन्या मदतकक्ष चालवतात आणि अर्जदार खरा आहे की नाही हे ठरवण्यासाठी खाते कधी व कोणत्या फोनवर उघडले, पहिला ईमेल पत्ता व मोबाइल क्रमांक कोणता होता, पहिल्या खरेदीच्या पावतीचा क्रमांक काय, अशी माहिती विचारतात. ही सर्व माहिती मूळ खेळाडूकडे कायम राहते. विक्रीनंतर काही आठवड्यांनी त्याने ‘खाते हॅक झाले’ असा अर्ज केला, तर मदतकक्ष आपल्या नियमांप्रमाणे खाते त्याला परत करतो, आणि तीच आयडी तो दुसऱ्याला विकू शकतो. प्रामाणिक खेळाडूचे रक्षण करणारी यंत्रणा येथे फसवणाऱ्याचे हत्यार बनते, आणि ही यंत्रणा जितकी पक्की तितका खरेदीदार दुबळा ठरतो. शिवाय खरेदीदाराला कंपनीकडे दाद मागता येत नाही, कारण खाते विकत घेतल्याचे सांगणे म्हणजे अटींचा भंग कबूल करणे होय.

पुष्कळ आयडी एकाच वेळी गुगल, फेसबुक किंवा एक्सवरील खात्यांशी ‘लिंक’ केलेल्या असतात, म्हणजे त्यांपैकी कोणत्याही मार्गाने आत जाता येते. विक्रेता एक मार्ग सोपवतो आणि दुसरा स्वतःकडे ठेवतो, ही या बाजारातील सर्वांत सोपी फसवणूक आहे. संपूर्ण जीमेल खाते हाती आले तरी प्रश्न सुटत नाही, कारण बदलण्यापूर्वीचा रिकव्हरी क्रमांक किंवा पत्ता काही दिवस पडताळणीसाठी चालू राहू शकतो, आधी काढून ठेवलेले बॅकअप कोड विक्रेत्याकडे असू शकतात आणि जुन्या फोनवर ते खाते उघडेच असू शकते.

खात्याचा उगमच दूषित असण्याची शक्यता वेगळी. डिसेंबर २०१५ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने स्टीम या आपल्या मंचावर दरमहा सुमारे ७७,००० खाती बळकावून लुटली जात असल्याचे सांगितले होते; अशी खाती खोटी लॉगिन पाने दाखवणाऱ्या फिशिंगमधून आणि फुकटच्या ‘चीट’ किंवा ‘मॉड’ फायलींत दडवलेल्या, ब्राउझरमधील पासवर्ड चोरणाऱ्या प्रोग्रॅममधून हाती लागतात व मग स्वस्तात विकली जातात. दुसरा मार्ग चोरीच्या कार्डांचा आहे. त्या कार्डांवर खेळातील चलन घेऊन खाते सजवले जाते, मूळ कार्डधारकाने तक्रार केल्यावर बँक ती रक्कम परत फिरवते आणि कंपनी ते खाते गोठवते. ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हॉल्व्हने ‘काउंटर-स्ट्राइक’मधील पेट्यांच्या नव्या किल्ल्यांची देवघेव थांबवली, तेव्हा विकल्या जाणाऱ्या जवळपास सर्व किल्ल्या फसवणुकीच्या पैशांतून आल्याचा आपला निष्कर्ष तिने जाहीर केला होता. बाजारभावापेक्षा फार स्वस्त आयडी ही म्हणूनच संधी मानता येत नाही. बहुधा तो कुणाच्या तरी नुकसानीचा माल असतो.

पैशांच्या देवाणघेवाणीत वापरल्या जाणाऱ्या युक्त्या मोजक्या आहेत, पण त्या वारंवार यशस्वी होतात. दोन्ही बाजूंचा विश्वास बसावा म्हणून गटाचा प्रमुख ‘मिडलमन’, म्हणजे मध्यस्थ, म्हणून पैसे व पासवर्ड धरून ठेवतो. फसवणारा त्याच्याच नावात एखादे अक्षर बदलून व तोच फोटो लावून बनावट मध्यस्थ उभा करतो, किंवा आपल्याच माणसांनी भरलेला गट दाखवून त्यातील प्रशस्तिपर संदेश पुरावा म्हणून पुढे करतो. एक कपटी इसम खऱ्या विक्रेत्यापुढे ग्राहक आणि खऱ्या ग्राहकापुढे विक्रेता बनून मधल्या मध्ये खाते किंवा पैसे लांबवतो. आधी ‘टोकन’, मग ‘सुरक्षा ठेव’, मग ‘ती परत मिळवण्यासाठी शुल्क’ अशी रक्कम हप्त्याहप्त्याने काढून घेतली जाते. विकणाराही यातून सुटत नाही. पैसे जमा झाल्याचा बनावट स्क्रीनशॉट किंवा एसएमएस दाखवला जातो, अथवा पैसे ‘स्वीकारण्यासाठी’ क्यूआर कोड स्कॅन करून यूपीआय पिन टाकायला सांगितले जाते. यूपीआयचा पिन पैसे पाठवताना लागतो, घेताना कधीही लागत नाही, हे एवढे एकच वाक्य घराघरांत माहीत झाले तरी पुष्कळ नुकसान टळेल.

हे सर्व पाहता आयडी विकत न घेणे हाच खरा सुरक्षित मार्ग ठरतो, आणि त्याखालच्या सर्व खबरदाऱ्या धोका कमी करणाऱ्या आहेत, नाहीसा करणाऱ्या नाहीत. तरीही प्रौढ व्यक्तीने समजून-उमजून व्यवहार करायचे ठरवलेच, तर प्रथम त्या खेळाच्या अटी वाचाव्यात आणि बुडाली तरी चालेल एवढीच रक्कम त्यात घालावी. अनोळखी गटातील मध्यस्थापेक्षा, खाते ताब्यात आल्याची खात्री होईपर्यंत रक्कम अडवून ठेवणारा आणि नंतर ठरावीक काळाची हमी देणारा प्रस्थापित मंच कमी धोक्याचा असतो; मात्र ती हमी संपल्यावरही रिकव्हरीचा धोका उरतोच. खाते कोणकोणत्या मार्गांनी लिंक आहे ते आधी पाहावे, पहिला ईमेल पत्ता आणि सुरुवातीच्या खरेदीच्या पावत्या सोबत मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि ताबा मिळताच पासवर्ड, रिकव्हरी क्रमांक, बॅकअप कोड बदलून इतर सर्व फोनांवरून लॉगआउट करावे व दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करावी.

विक्रेत्याचे गुगल किंवा अ‍ॅपल खाते स्वतःच्या रोजच्या फोनच्या सेटिंगमध्ये कधीही जोडू नये, ही खबरदारी फारशी सांगितली जात नाही, पण ती अत्यंत महत्त्वाची आहे. हरवलेला फोन शोधण्याची व दुरून कुलूपबंद करण्याची सोय या खात्यांना जोडलेली असते. पासवर्ड विक्रेत्यालाही ठाऊक असेल, तर तो खरेदीदाराचाच फोन बंद करून खंडणी मागू शकतो किंवा त्यातील माहिती पुसून टाकू शकतो. त्याचप्रमाणे ‘पडताळणी’साठी स्क्रीन दाखवणारे अ‍ॅप उतरवण्याची किंवा ओटीपी सांगण्याची मागणी झाली, की व्यवहार तेथेच सोडून द्यावा.

कायद्याचे संरक्षण आहे, परंतु ते मर्यादित आहे. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-सी खाली आणि संगणकीय साधनाद्वारे तोतयेगिरी करून फसवणे हा कलम ६६-डी खाली गुन्हा असून, दोन्हींसाठी तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो; भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीला लागू होते. आभासी वस्तूंची चोरी ही खरी चोरी ठरू शकते, असे नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ‘रूनस्केप’ खेळातील वस्तू मारहाण करून हिरावल्याच्या प्रकरणात मान्य केले आहे. असे असले तरी फसवणाऱ्याला शिक्षा होणे आणि गेलेले खाते मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारण कंपनीच्या अटींविरुद्ध झालेल्या विक्रीवर खरेदीदाराचा हक्क उभा करणे कठीण असते. त्यातही घेणारा अठरा वर्षांखालील असेल, तर भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार त्याला करार करण्याची क्षमताच नसते आणि असा करार मुळातच शून्य असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहरीबीबी खटल्यात ठरवून दिले आहे. या बाजारातील मोठा ग्राहकवर्ग नेमका याच वयाचा आहे.

पैसे गेल्यानंतरचे पहिले काही तास निर्णायक असतात. १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर किंवा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे पोर्टलवर ताबडतोब तक्रार केल्यास रक्कम पुढच्या बँक खात्यांत फिरण्यापूर्वी गोठवता येण्याची शक्यता असते. फसवणारे बहुधा भाड्याने घेतलेल्या बँक खात्यांतून रक्कम झपाट्याने पुढे सरकवत असल्याने विलंब झाला की माग पुसट होतो. व्यवहाराचा क्रमांक, संभाषण, समोरच्याचे वापरनाव व यूपीआय पत्ता जपून ठेवावा आणि रागाच्या भरात संभाषण पुसून टाकू नये.

हा विलंब बहुतेक वेळा तंत्रज्ञानामुळे होत नाही. तो घरातील भीतीमुळे होतो. आईवडिलांच्या फोनवरून गुपचूप पैसे पाठवलेला मुलगा रागाला घाबरून गप्प बसतो, गेलेली रक्कम स्वतःच भरून काढण्यासाठी त्याच फसवणाऱ्याला आणखी पैसे देतो किंवा मिळालेली खोटी आयडी दुसऱ्याला विकून त्या साखळीचा भाग होतो. म्हणून पालकांनी या खेळांना सरसकट वेडेपणा ठरवण्याऐवजी मूल काय खेळते, त्याला कोणती वस्तू का हवी आहे आणि ती खेळाच्या अधिकृत दुकानातून ठरलेल्या मर्यादेत घेता येते का, हे त्याच्याबरोबर बसून पाहावे. खेळावरील प्रेम आणि त्यात घातलेली मेहनत खरी असते, तिचा मान राखला पाहिजे; आणि ती मेहनत स्वतःच्या, सुरक्षित ठेवलेल्या खात्यात साठवली जावी, दुसऱ्याच्या नावावरच्या खात्यात नव्हे, एवढी समज मुलांना वेळेत मिळाली, तर या बाजाराचा मुख्य ग्राहकच कमी होईल.