ओटीपी आला का गं?

सकाळचे साडेअकरा. व्हिडिओ कॉलवर नऊ चेहरे. त्यातल्या तिघांचा आवाज येत नाहीये, दोघांचा नको तेवढा येतोय (कुकरच्या शिट्ट्यांसकट!). आणि तेवढ्यात मोबाइल थरथरायला लागतो. ‘आत्या, घोटी’. मी काय करते? तुम्ही जे कराल तेच. तयार मेसेज ठोकते, ‘मीटिंगमध्ये आहे, नंतर फोन करते.’ असे एकापाठोपाठ चार कॉल कट केले. मीटिंगचा विषय काय होता माहितीय? धावपळीत आपल्या माणसांशी कनेक्टेड कसं राहावं!

दुपारी कळलं. आत्याच्या दारात गॅसवाला सिलिंडर घेऊन उभा होता. डिलिव्हरीचा कोड सांगितल्याशिवाय त्याला सिलिंडर देता येईना, आणि तो कोड येऊन पडला होता माझ्या मोबाइलवर, ठाण्यात. दहा मिनिटं थांबून बिचारा पुढच्या घरी गेला. पुढचे दोन दिवस आत्याचा भात शेजारच्या काकूंच्या गॅसवर शिजला. मी सॉरी म्हटलं, तर म्हणाली, “असू दे गं, तू कामात होतीस ना.” ती चिडली असती तर बरं झालं असतं.

कोड माझ्याकडे कसा? अहो, हा शहाणपणा माझाच. दोन वर्षांपूर्वी “आत्या, तुला कुठे हे मेसेज-बिसेज जमणार?” असं म्हणत गॅसपासून लाइट बिलापर्यंत सगळीकडे मी माझा नंबर देऊन टाकला होता. फुल टू स्मार्ट! तेव्हापासून आमचं सगळं बोलणं एका वाक्यावर आलं, “ओटीपी आला का गं?” मी आकडे सांगायचे, ती “बरं” म्हणायची. खेळ खल्लास.

म्हटलं, आता जाऊन नंबर बदलूनच यायचं. फ्रीलान्सरला सुट्टी कोण देणार? मीच मला दिली.

मोबाइलवरचा नकाशा उत्साहाने सांगत होता, समृद्धीने जा. ७०१ किलोमीटरच्या या महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. वाटेत जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा आहे, त्यामुळे कसारा घाट चढायचं कामच नाही. पण नकाशाने गृहीत धरलेली गाडी माझ्याकडे नाही! मग काय, आपली कसारा लोकल आणि पुढे शेअर जीप. घाटात नेटवर्क गेलं. पहिली पाच मिनिटं जीव कासावीस, नंतर चक्क खिडकीबाहेर बघितलं.

घोटी तुम्हाला नक्की माहितीय. कळसूबाईला गेला असाल, काजवे बघायला भंडारदऱ्याला गेला असाल, तर याच गावातून वळला असाल. १६४६ मीटरची कळसूबाई बघायला सगळे येतात, घोटीत मात्र फक्त चहापुरते थांबतात. मीही कित्येकदा ट्रेकच्या ग्रुपबरोबर इथून गेलेय. आत्याचं घर पाच मिनिटांवर, पण “नेक्स्ट टाइम नक्की!”

दिवाळी नुकतीच झालेली. भाताचा हंगाम. राइस मिलची घरघर आणि हवेत तुसाचा बारीक धुरळा. आत्या दारातच उभी. “वाळलीस,” म्हणाली आणि चप्पल घालून तयार.

गॅस एजन्सीत आधी जुन्या नंबरवर ओटीपी. माझा टुणकन आला. मग नव्या नंबरवर, म्हणजे आत्याच्या. तो काही येईना. आम्ही दोघी मोबाइल वर धरून रस्त्यावर उभ्या, जणू पावसाचा अंदाज घेतोय. शेवटी आला! मी झटकन वाकून वाचायला लागले, तर आत्याने मोबाइल आपल्याकडे ओढला.

“मी वाचते ना.”

चष्मा लावून, एकेक आकडा खणखणीत आवाजात. ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ असं मेसेजमध्ये लिहिलेलं, आणि इथे अख्ख्या रांगेने ऐकला! मी मात्र गप्प झाले. तो आवाज ओळखीचा होता. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होती. तीसपर्यंतचे पाढे मे महिन्याच्या सुट्टीत तिनेच माझ्याकडून घोकून घेतले होते. आणि मी ठरवून मोकळी झाले होते, की हिला चार आकडे वाचता येणार नाहीत.

घरी नव्या इंद्रायणीचा मऊ भात, वर वरण, तूप. निघताना पाच किलो तांदूळ पिशवीत. लोकलमध्ये ती पिशवी सांभाळताना माझी कशी वाट लागली, तो वेगळा लेख होईल.

त्यानंतर महिना गेला. आत्याचा फोन नाही. दीड महिना, तरी नाही. आधी बरं वाटलं, मग चुकल्यासारखं व्हायला लागलं. परवा भर मीटिंगमध्ये स्वतःला म्यूट केलं आणि मीच फोन लावला. म्हटलं, आज काही काम नाही, नुसतं बोलायचंय.

“अगं, गॅसवाला आलाय दारात,” आत्या म्हणाली. “तुला नंतर करते.”

आणि चक्क फोन कट!