केडगावची गाडी

पुण्याहून दौंडकडे निघालेली गाडी खुटबाव सोडते आणि खिडकीतून गुऱ्हाळाचा वास आत येतो. उकळत्या रसाचा, गोड, कडेनं किंचित जळका. केडगाव आलं हे पाटीआधी माझ्या नाकाला कळतं.

पाळकसाहेबांनी मंडळीच्या अंकासाठी प्रार्थनेवर पानभर लिहून मागितलं होतं. आठ दिवस कागदावर नुसते जड शब्द साचत होते. कृपावृष्टी, अनुग्रह, सामर्थ्यदायी. छापले असते तर कुणी नावं ठेवली नसती. पण आजी चुलीपुढं देवाशी बोलायची, तो सूर त्यात कुठंच नव्हता. "देवा, आजचा दिस निभव," एवढीच तिची सकाळची प्रार्थना. आमेन व्हायच्या आत दूध उतू जायचं.

केडगावच्या मुक्ती मिशनच्या आवारात दुपारी शांतता असते, पण ती रिकामी वाटत नाही. कुठंतरी भांडी घासल्याचा आवाज येतो, कुणीतरी गीताची एकच ओळ पुन्हा पुन्हा गुणगुणत असतं. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी उपाशी, टाकलेल्या बायकामुलींना गोळा करून आणलं ते इथं. स्वतः रमाबाईंचे आईवडीलही आधीच्या एका दुष्काळातच गेले होते. भूक त्यांना पुस्तकातून कळलेली नव्हती.

मला मात्र इथं दरवेळी रमाबाईंचा छापखानाच आठवतो. विशीत कलकत्त्याच्या पंडितांकडून 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळालेली ही बाई. संस्कृत तिच्या जिभेवर. मराठीत बायबल आधीच होतं. पण ते खेड्यातल्या बाईला उमगेना, म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळावरून साध्या मराठीत भाषांतर करायला बसल्या. ज्याला जड भाषा येतच नाही त्यानं सोपं लिहिणं वेगळं. येत असताना ती बाजूला ठेवायची, याला मी विश्वास म्हणतो.

त्या भाषांतराचे छपाईचे खिळे जुळवले आश्रमातल्याच मुलींनी. उलटी अक्षरं एकेक करून ओळीत बसवायची, प्रूफ काढायचं, चुकलेला खिळा उपसून दुसरा घालायचा. सोप्या मराठीत जोडाक्षरं कमी, तेव्हा त्या पोरींचेही कष्ट थोडे वाचले असतील, ही आपली माझी कल्पना. १९२१मध्ये रमाबाईंची मुलगी मनोरमा गेली, तरी प्रुफं थांबली नाहीत. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या, तेव्हा शेवटची प्रुफं नुकतीच तपासून झाली होती. संपूर्ण बायबल छापून आलं १९२४मध्ये. ते काही त्यांनी पाहिलं नाही.

परतीच्या गाडीत वही काढली आणि कृपावृष्टीवर काट मारली. पावसानं ओढ दिली होती. बाहेर ढेकळं तशीच पडलेली. शेजारी मेथीच्या जुड्यांचं गाठोडं घेऊन बसलेल्या मावशी वहीत डोकावल्या.

"काय लिवताय?"

"प्रार्थना."

"मंग पाऊस पडू दे म्हनून बी लिवा की."

लिहिलं. मावशींना वाचता येत नव्हतं, म्हणून ती ओळ मोठ्यानं वाचूनही दाखवली. त्यांनी मान हलवली आणि सुटलेली एक जुडी पुन्हा बांधायला घेतली.