चौतिसावा मजला

१७ ऑगस्ट २०२५
चाव्या चौदा तारखेला मिळाल्या, एकूण ५५६ घरांच्या. आज सामान आलं. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, मधली वर्षं भाड्याच्या घरात, आता ५००. सगळं मांडून झालं तरी भिंती उघड्याच. चाळीसपैकी आमचा मजला चौतिसावा. आई खिडकीपासून लांब बसल्या आहेत.

१९ ऑगस्ट
पाऊस थांबत नाही. शाळा-कॉलेजांना सुट्टी. खाली कुठे कुठे पाणी भरलंय ते टीव्हीवर कळलं. इथे पत्रा नाही, पागोळ्या नाहीत. नुसता वारा शीळ घालतो. खिडकीच्या फटीत जुना टॉवेल कोंबला.

२१ ऑगस्ट
पहाटे चारला उठले. घरातला संडास. दिवा लावला, कडी लावली, निवांत बसले. बाहेर कुणी खाकरत नाही. चाळीत लग्न होऊन आल्यापासून संध्याकाळी पाणी बेतानंच प्यायचे. चाळीची आठवण काढून हळहळणाऱ्यांत पुरुषच जास्त दिसतात.

२७ ऑगस्ट
गणपती बसले. चाळीत मजल्याला वीस खोल्या, मधून पॅसेज, दहा इकडे, दहा तिकडे. टाळ वाजले की माणसं आपोआप यायची. इथे सोडतीत ज्याला जो मजला लागला तो. समोरच्या काकी शेजारच्या इमारतीत, अकराव्यावर. हे फोन करकरून माणसं बोलावत होते. काकी पोचल्या तेव्हा मंत्रपुष्पांजली चालू.

३१ ऑगस्ट
गौरी आल्या. पावलं उंबऱ्यापासून काढायची की लिफ्टपासून, यावर आई आणि काकी अर्धा तास.

९ सप्टेंबर
आई खाली उतरतच नाहीत. लिफ्टमध्ये कानांना दडे बसतात म्हणतात. पाय सुजलेत. डॉक्टर म्हणाले, चालवा. कुठे? हॉलमध्ये, खिडकी ते दार. चाळीत तीन जिने उतरून भाजी आणायच्या, वर पुन्हा गप्पा मारत चढायच्या. "अधांतरी राहतोय गं आपण," म्हणाल्या. मी कुकर लावला.

१३ सप्टेंबर
आगीच्या वेळी काय करायचं यावर बैठक. लिफ्ट वापरायची नाही, जिन्यानं उतरायचं, रेफ्यूज एरियात थांबायचं. मुंबई अग्निशमन दलाची उंचातली उंच शिडी ९० मीटरची. ह्यांनी घरी येऊन कागदावर गुणाकार केला. मजल्याला तीन मीटर धरले तरी आपण शिडीच्या वर. कागद चुरगळला. "आईला बोलू नकोस."

१४ सप्टेंबर
घार पहिल्यांदाच वरून पाहिली. तपकिरी पाठ, डाव्या पंखात एक पीस कमी.

२१ सप्टेंबर
सर्वपित्री. मामंजींचं पान. खीर, वडे, भाजी, सगळं. आईंनी घास खिडकीबाहेरच्या कठड्यावर ठेवला. तासभर कावळा नाही. घार घिरट्या घालत होती. "ती कोण आपली?" म्हणाल्या. वडे गार झाले. मुलगा म्हणाला, आजी, कावळे एवढ्या वर येत नसतील.
मग उठल्या. लुगडं सारखं केलं, पान उचललं, स्वतः लिफ्टचं बटण दाबलं. मी मागे धावले. डोळे घट्ट मिटलेले, पान मात्र सरळ. जांबोरी मैदानाच्या कडेला पान ठेवलं मात्र, कावळा हजर.
"ह्यांना पत्ता बदलल्याचं कुणी कळवलंच नाही," आई म्हणाल्या.

२५ सप्टेंबर
काकींकडे एकट्या जाऊन आल्या. सांगितलं परत आल्यावर.

२९ सप्टेंबर
रेफ्यूज एरियात पाच-सहा म्हाताऱ्या, सतरंजी अंथरून. वॉचमन उठवायला आला. त्याचंही बरोबर, ती जागा मोकळीच ठेवावी लागते. आई त्याला म्हणाल्या, "आग लागली की इथंच यायचं ना? आम्ही आधीच आलो." त्यानं हसून सतरंजी तेवढी उचलायला लावली.

६ ऑक्टोबर
कोजागरी. गच्चीला कुलूप. दूध खाली आवारात, कागदी पेल्यात. काकींनी जायफळ जास्त घातलं.

९ ऑक्टोबर
कामावरून आले तर आई घरात नाहीत. काकींकडे नाहीत. रेफ्यूज एरियात नाहीत. हे जिन्यानं एकेक मजला शोधत निघाले, मी लिफ्टनं. तेविसाव्यावर एक दार उघडं. आत आई, जमिनीवर बसून लसूण सोलताहेत. ते कुटुंब दुसऱ्या चाळीतलं, आमची ओळख नाही.
"बटण चुकलं गं," आई म्हणाल्या.
त्या घरची सून पोळी उलटत म्हणाली, "रोजच चुकतं की."