कुर्ल्याची फियाट, भंडाऱ्याचे हात

भंडारा हे पितळी भांड्यांचं गाव. इथले गुंड, गंगाळं आणि पराती विदर्भातल्या कितीतरी घरांत लेकींच्या लग्नात पोचल्या. माझ्यावर या पितळेचे आणखी एक उपकार आहेत. आमची १९६८ सालची फियाट आजही रस्त्यावर धावते, त्यात इथल्या भांडी घडवणाऱ्यांचा मोठा वाटा आहे.

त्या काळच्या मोटारींचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असत. वर-खाली पितळी टाक्या, मधे तांब्याच्या बारीक नळ्या आणि जाळी, आणि सगळे सांधे डाख देऊन जोडलेले. रस्त्याच्या हादऱ्यांनी एखादा सांधा सुटला की पाणी झिरपायला लागायचं. मग बाबूजी रेडिएटर उतरवून सायकलच्या कॅरिअरला बांधायचे आणि मला मागे धरायला लावून भांड्यांच्या गल्लीत न्यायचे. तिथला कारागीर दोन्ही तोंडं चिंध्यांनी बंद करून तो पाण्याच्या हौदात बुडवायचा, नळीतून हवा फुंकायचा आणि बुडबुडा आला की तिथे बोट ठेवायचा. जागा घासून लख्ख केली जायची, नवसागराचा पांढरा धूर उठायचा आणि चांदीसारखा डाख त्या फटीत अलगद पसरायचा. त्या माणसानं आयुष्यात मोटार चालवली नव्हती, पण त्याला धातू कळत होता. आम्हाला तेवढंच हवं होतं.

गाडी म्हणजे फियाट ११०० डिलाइट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनली. हीच गाडी पुढे १९७४पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून देशभर ओळखली गेली. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, ताकद जेमतेम चाळीस अश्वशक्तीची. गिअरचा दांडा स्टेअरिंगखाली, त्यामुळे पुढच्या सलग सीटवर तिघं ऐसपैस बसत. नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, म्हणून बाबूजींनी नागपूरहून वापरलेली घेतली. ती घरी आली त्या दिवशी आईनं तिला ओवाळलं आणि चाकांखाली लिंबं ठेवली. आमच्या आळीतली ती पहिली मोटार. लग्नात नवरदेव तिच्यातून गेले, अडलेल्या बाळंतिणी तिच्यातून सरकारी दवाखान्यात पोचल्या. आळीतल्या कुणीही रात्री-बेरात्री हाक मारावी आणि बाबूजींनी किल्ली उचलावी, असा शिरस्ताच पडला.

गाडीची खरी शाळा मात्र हमरस्त्यावर भरायची. मुंबई-कलकत्ता रस्ता तेव्हा राष्ट्रीय महामार्ग सहा होता, आज त्याला त्रेपन्न म्हणतात. वैनगंगेचा पूल ओलांडून रात्रंदिवस ट्रक जायचे आणि त्यांच्या दुरुस्तीवर रस्त्याकडेची गॅरेजं चालायची. त्यांतल्या एका टपरीवजा गॅरेजातले मिस्त्रीकाका आमची फियाट बघत. शिक्षण जेमतेम, पण कान असा की दुरून येणाऱ्या ट्रकचा कुठला बेअरिंग गेलाय ते सांगावं. सुट्टीत मी त्यांच्याकडे पाने देण्याचं काम करायचो. गाडी बंद पडली की मी घाईनं कार्बोरेटरला हात घालायला बघायचो. ते पाना काढून घेत आणि म्हणत, "घाई नोको करू बाबू. आधी करंट पाह्य, मंग पेट्रोल पाह्य, मंग हवा. गाडी सांगते सगळं, तू आयक फक्त."

करंट, पेट्रोल, हवा हा क्रम मी आजतागायत सोडलेला नाही. प्लगची वायर काढून तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून थोडं दूर धरायचं आणि सेल्फ मारायचा. निळी, कडक ठिणगी उडाली तर करंट ठीक. पिवळी, मरगळलेली उडाली तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडायचं. आत दोन चिमुकले पॉइंट असतात. ते जळून खडबडीत झाले असतील तर बारीक पॉलिश पेपरनं घासायचे आणि दोघांमधली फट फिलर गेजनं अर्ध्या मिलिमीटरहून जरा कमी ठेवायची. पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील तर दोष त्यांचा नसतो, शेजारच्या कंडेन्सरचा असतो. तो गरम झाला की दगा देतो आणि गार झाला की शहाण्यासारखा वागतो, म्हणून गॅरेजात गाडी नीट चालते आणि दहा किलोमीटरवर मिसिंग करते. हा लपंडाव मिस्त्रीकाकांनी मला समजावून दिला, तेव्हा एखादं गणित सुटल्याचा आनंद झाला होता.

प्लग म्हणजे तर गाडीची जन्मपत्रिका. चारही काढून ओळीनं फडक्यावर मांडायचे. टोक कॉफीच्या रंगाचं असेल तर सगळं आलबेल. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरंफटक असेल तर कमी पडतंय. तेलकट असेल तर रिंगा झिजल्या. एकच प्लग वेगळा दिसला तर त्याच सिलिंडरकडे बघायचं, बाकीच्या तिघांना उगाच छेडायचं नाही. आवाजांचंही तसंच. लांब पेचकसाचं टोक इंजिनवर आणि मूठ कानाशी धरली की टॅपेटची टकटक वेगळी ऐकू येते, वॉटर पंपाची घरघर वेगळी आणि खालच्या बेअरिंगचा जड ठोका वेगळा.

आमच्याकडचा उन्हाळा या गाड्यांची परीक्षाच घेतो. नवतप्यात लाखनी-साकोली रस्त्यावर डांबर मऊ व्हायचं आणि फियाट हमखास आचके देऊ लागायची. तिचा पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला. इंजिन तापलं की पंपात आणि नळीतच पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला पेट्रोल ढकलता येतं, वाफ ढकलता येत नाही. उपाय साधा : सावलीत थांबायचं, बोनेट उघडायचं आणि पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं. आई त्यासाठी जुन्या लुगड्याचे तुकडे पाण्याच्या बाटलीसोबत डिक्कीत ठेवायची. रस्त्याकडेच्या मोहाच्या झाडाखाली आम्ही शिदोरी सोडायचो, पंप निवायचा आणि पहिल्या सेल्फला गाडी सुरू व्हायची. आजच्या गाड्यांत टाकीतला विजेचा पंप दाबानं पेट्रोल पाठवतो, त्यामुळे हा त्रास उरला नाही. पण मोहाखालच्या त्या जेवणांची सर मला कुठल्याच हॉटेलात आली नाही.

पावसाळा वेगळंच शिकवायचा. धानाच्या बांध्या तुडुंब भरल्या की रस्त्यांवरून पाणी वाहायचं. ब्रेकचे ड्रम भिजले की ब्रेक लागत नसे. पाण्यातून बाहेर पडल्यावर पेडल हलकं दाबून थोडं अंतर जायचं, म्हणजे लायनर घर्षणानं सुकतात. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात ओल धरली की कोरडं फडकं पुरायचं. खरी लढाई गंजाशी. पायाखालच्या पत्र्यावर रबरी मॅट ओली राहिली की दोन पावसाळ्यांत पत्रा चाळणी होतो. म्हणून जून ते सप्टेंबर मॅट वर काढून ठेवायची, असा नेम आम्ही पाळला.

ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेचा मोठा पूर शहरात शिरला, तेव्हा ओळखीतल्या एका घरची पद्मिनी पाण्यात बुडाली. पाणी ओसरल्यावर त्यांचा फोन आला आणि मी पहिलं वाक्य बोललो, "किल्लीला हात लावू नका." सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरी सोडवली, प्लग काढले, इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल या तिन्हींतलं तेल ओतून टाकलं. दुधाळ झालं होतं सगळं. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडून गाडी वरच्या गिअरमध्ये टाकली आणि पोरांनी हळूहळू ढकलून इंजिन फिरवलं, तशी प्लगच्या भोकांतून पाण्याची कारंजी उडाली. डायनॅमो आणि सेल्फ उघडून उन्हात वाळवले, ब्रेकचे ड्रम धुतले, टाकी रिकामी केली. अनेक दिवसांनी ती सुरू झाली तेव्हा त्या घरातल्या आजींनी साखर वाटली.

या साऱ्या कामांत गावातले किती हात लागले! झिजलेली पिन किंवा बुश कुठेच मिळेना, तेव्हा कारखान्यातून निवृत्त झालेल्या टर्नरनं लेथवर नवी काढून दिली. गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना १९८२ साली आला, जवाहरनगरची आयुध निर्माणी त्याच्याही आधीची. या कारखान्यांनी जिल्ह्याला शतांश मिलिमीटरात विचार करणारी माणसं दिली. सीटचं काम बैलांच्या झुली शिवणाऱ्यानं केलं, वायरिंग रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं. बाकी सुटे भाग मुंबईहून यायचे. गाडी जन्मली कुर्ल्याला आणि तिचे भागही कुर्ल्याच्याच भंगार बाजारात सापडायचे. मुंबईत हजारो काळ्या-पिवळ्या पद्मिनी धावत होत्या तोवर पंपाचा पडदा असो की क्लच प्लेट, सगळं स्वस्तात मिळे. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली आणि त्या पुरवठ्यामागची मागणीच गेली. आता जुना भाग फेकायचा नाही, दुरुस्त करायचा, हाच मार्ग उरला आहे.

सरकारनंही जुन्या गाड्यांची दखल घेतली आहे. जुलै २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला नंबरात 'व्हीए' अक्षरं असलेली खास नोंदणी मिळते. तिचं मी स्वागतच करतो. पण ती घेतली की गाडी प्रदर्शन, रॅली आणि दुरुस्तीपुरतीच बाहेर काढता येते. मला फियाट रोजच्या वाटेवर हवी, म्हणून मी साधी नोंदणीच ठेवली आहे आणि पाच वर्षांनी तपासणीला नेतो. नवी काळजी आहे ती इथेनॉलची. पेट्रोलात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुनं रबर फुगवतं आणि हवेतली ओल ओढून टाकीला गंज चढवतं. म्हणून नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा बसवला आहे, आणि उभ्या गाडीत पेट्रोल फार काळ राहू देत नाही.

दिवाळी आली की मन मंडईकडे धावतं. भाऊबीजेपासून आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. बाबूजी आम्हा सगळ्यांना फियाटमध्ये कोंबून पवनीकडच्या गावांना न्यायचे. रात्रभर दंडार आणि खडी गंमत चालायची, आणि पहाटे परतताना कापणीला आलेल्या धानाचा वास उघड्या काचांतून आत यायचा. मी आजही मंडईला फियाटच नेतो. तिथे म्हातारी माणसं जवळ येऊन मडगार्डवर हात फिरवतात आणि आपल्या वरातीची आठवण सांगतात.

मिस्त्रीकाका आता नाहीत. डाख देणारे कारागीर मोजकेच उरलेत, त्यांची मुलं दुसऱ्या धंद्यांत गेली. म्हणून मी रविवारी आळीतल्या दोन मुलांना शेडमध्ये बोलावतो. एकीला पॉइंटची फट बिनचूक लावता येते, दुसऱ्याचा कान तयार होतोय. गाडी पैशानं विकत घेता येते, पण ती चालती ठेवायला जाणते हात लागतात, आणि असे हात शेजारी बसूनच शिकता येतात. तुमच्या घरी ताडपत्रीखाली एखादी फियाट, अँबेसेडर किंवा जीप उभी असेल, तर या दिवाळीत ताडपत्री काढा. गावातला म्हातारा मिस्त्री शोधा, त्याला मानानं घरी बोलवा, आणि तो बोनेट उघडेल तेव्हा घरातल्या मुला-मुलींना त्याच्या शेजारी उभं करा.