दुसऱ्या क्रमांकाचा हार

‘जगात जर्मनी आणि भारतात परभणी’ असे आमच्याकडे म्हणतात. म्हणणारा ते अर्धे अभिमानाने आणि अर्धे स्वतःवरच हसत म्हणतो, आणि ऐकणाऱ्यानेही ते तसेच ऐकायचे असते. संत जनाबाईंचे गंगाखेड, गोदावरीचा काठ, कृषी विद्यापीठ, ज्वारी, कापूस आणि मे महिन्यातले ऊन एवढी नावे घेतली की आमच्या जिल्ह्याची ओळख संपते, अशी बाहेरच्यांची समजूत आहे. म्हणून १५ जानेवारी २०१७ च्या रविवारी मुंबई मॅरेथॉनमध्ये परभणीची ज्योती गवते भारतीय महिलांत पहिली आली, तेव्हा त्या जुन्या वाक्यातला विनोद काही दिवस नाहीसा झाला. बेचाळीस किलोमीटर आणि वर एकशे पंच्याण्णव मीटर हे अंतर तिने २ तास ५० मिनिटे ५३ सेकंदांत पार केले होते. जिने आयुष्यात कधी एस. टी. चुकेल म्हणूनसुद्धा पाऊल उचलले नसेल, अशी माणसेही त्या आठवड्यात ‘आपली ज्योती’ म्हणू लागली. मीही म्हणू लागलो. आपण ज्यांना कधी भेटलेलो नाही त्यांना ‘आपले’ म्हणण्याचा अधिकार विजय देतो. पराजय तो परत मागतो का, हा प्रश्न पुढच्याच वर्षी उभा राहिला.

२१ जानेवारी २०१८ चाही रविवारच होता. सकाळची मिस्सा आटोपून मंडळी देवळाच्या आवारात नेहमीप्रमाणे रेंगाळली होती. कोणीतरी मोबाइलवर निकाल पाहिला आणि सांगितले, “दुसरी आली.” “अरेरे!” असा एक सामुदायिक उद्गार निघाला. लगेच चर्चा सुरू झाली. सराव कमी पडला असेल, खुराक नीट नसेल, एकदा नाव झाले की माणूस सैलावतो. वैद्यकीचे शिक्षण न घेतलेले वैद्य आणि धावपट्टी न पाहिलेले प्रशिक्षक आपल्या समाजात मुबलक आहेत. त्या घोळक्यात बाजूला पायरीवर बसलेल्या एका वृद्ध मावशींनी मात्र एवढेच विचारले, “इतकं पळून आली लेकरू, जेवली का नाही ती?”

घरी आल्यावर आकडे पाहिले. मुंबईत ज्योतीने त्या दिवशी २ तास ५० मिनिटे ४७ सेकंद घेतले होते. म्हणजे ज्या धावेने आदल्या वर्षी तिला पहिले केले, तिच्यापेक्षा ती सहा सेकंद लवकर पोहोचली होती. फरक इतकाच की या वेळी रायबरेलीची सुधा सिंग २ तास ४८ मिनिटे ३२ सेकंदांत तिच्या पुढे गेली. सुधा काही ऐरीगैरी धावपटू नव्हे. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक तिने मिळवलेले, आणि ऑलिंपिकही तिने पाहिलेले. मग आमचा तो ‘अरेरे’ नेमका कोणासाठी होता? ज्योती तर आदल्या वर्षीपेक्षा सरस धावली होती. आमची परभणी मात्र पहिल्या पानावरून घसरली होती.

पुढचे वर्ष याहून विलक्षण. २० जानेवारी २०१९ रोजी ज्योतीने २ तास ४५ मिनिटे ४८ सेकंद अशी वेळ दिली. एका वर्षात एक सेकंद कमी पाच मिनिटांची सुधारणा! ज्याने कधी घड्याळ लावून धाव घेतली असेल त्याला विचारा, मॅरेथॉनमधली पाच मिनिटे किती पहाटा खातात. आणि त्याच दिवशी सुधा सिंगने २ तास ३४ मिनिटे ५६ सेकंदांत या शर्यतीतला भारतीय महिलांचा नवा विक्रम केला. ज्योती जवळजवळ अकरा मिनिटांनी मागे, पुन्हा दुसरी. १९ जानेवारी २०२० रोजी अंतर पावणेचार मिनिटांवर आले, तरी क्रम तोच: सुधा पहिली, ज्योती दुसरी. लागोपाठ तीन वर्षे. मराठीत ‘हार’ शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि आपण एक दिला की दुसरा देत नाही. पहिल्या क्रमांकाच्या गळ्यात हार आणि दुसऱ्याच्या पदरात हार, अशी आपली वाटणी ठरलेली.

संत पौलाने करिंथकरांना लिहिताना शर्यतीचा दाखला दिला आहे. धावतात सगळे, पण बक्षीस एकालाच मिळते, अशा आशयाचे ते वचन शाळेच्या क्रीडादिनी हमखास ऐकू येते. करिंथजवळ इस्थमियन खेळ भरत असत आणि विजेत्याला पानांचा मुकुट मिळे. ही माणसे कोमेजणाऱ्या मुकुटासाठी एवढे कष्ट घेतात, हे पौल त्यांना दाखवत होता. आपण त्यातला ‘एकालाच’ हा शब्द उचलला आणि कोमेजणारी पाने सोयीस्करपणे विसरलो. असो.

चाहत्याचे प्रेम किती लवकर कडवट होते, हे महाराष्ट्राने जानेवारी २०२३ मध्ये पाहिले. पुण्यात महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या माती विभागात महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखवर बाहेरील टांग मारली, पंचांनी चार गुण दिले आणि सिकंदर बाहेर गेला. निर्णय योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकतो. कुस्तीत तो होतच आला आहे. पण पंचाला फोनवरून धमक्या गेल्या आणि प्रकरण पोलिसांपर्यंत पोहोचले. धमकी देणाऱ्याला बहुधा वाटले असेल की आपण सिकंदरच्या बाजूने उभे आहोत. दोघेही मल्ल सोलापूर जिल्ह्यातले, एका मातीतले. या प्रेमाने त्यांच्यामध्ये भिंत तेवढी उभी केली. सिकंदरला आपली बाजू मांडायला पुन्हा आखाडाच पुरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला शिवराज राक्षेला हरवून तो महाराष्ट्र केसरी झाला.

याच संदर्भात फिलिपिन्सचा मुष्टियोद्धा मॅनी पॅक्विआव आठवतो. कॅथोलिकबहुल देशातला, दारिद्र्यातून वर आलेला, आठ वजनगटांत जगज्जेता झालेला हा माणूस. त्याची लढत असली की तिकडचे रस्ते ओस पडत. ८ डिसेंबर २०१२ रोजी लास व्हेगासला हुआन मान्युएल मार्केझच्या उजव्या हाताच्या एका ठोशाने तो सहाव्या फेरीच्या अखेरीस तोंडावर कोसळला आणि काही वेळ हललाच नाही. चारच दिवस आधी त्याच्या मिंडानाओ बेटावर भयानक वादळ येऊन गेले होते. दुःखात असलेल्या लोकांनी आपला वीर जमिनीवर निपचित पडलेला पाहिला.

तो त्या सुमारास कॅथोलिक परंपरा सोडून इव्हँजेलिकल पंथाकडे वळला होता. पूर्वी गळ्यात जपमाळ घालणारा मुलगा ती आता घालत नाही, म्हणून हरला, असे खुद्द त्याच्या आईनेच बोलून दाखवले. आईच्या जिवाची ती तळमळ होती, तिला दोष देण्याचे मला धारिष्ट्य नाही. पण आपल्यासारख्या कॅथोलिक वाचकाने इथे थांबून विचार करायला हवा. मुलाने पंथ बदलला याचे दुःख वेगळे आणि देवाने त्याला मार्केझच्या हातून शिक्षा दिली हा निष्कर्ष वेगळा. जन्मांध माणसाला पाहून, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, असे शिष्यांनी विचारले, तेव्हा प्रभूने तो प्रश्नच नाकारला होता. योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय आपण उपवासकाळात वाचतो आणि बाहेर येऊन कोणाचे पीक बुडाले, कोणाचा मुलगा दहावीला नापास झाला, की हळूच त्याच्या घरातल्या रोझरीची चौकशी करतो. मराठवाड्यात दुष्काळाच्या वर्षी हे असले हिशेब मी कानांनी ऐकले आहेत. पॅक्विआव पुढच्या नोव्हेंबरात मकावला ब्रँडन रिओसशी लढून जिंकला आणि तो विजय त्याने हैयान वादळातल्या पीडितांना अर्पण केला. तेव्हा त्याच्या गळ्यात काय होते, हे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

मग हरलेल्याच्या बाजूने उभे राहायचे म्हणजे करायचे काय? क्रूसाच्या वाटेवर प्रभू तीनदा पडतो, आणि सहाव्या स्थानाशी वेरोनिका येते. शिक्षा फिरवणे तिच्या हातात नव्हते. शिपायांशी ती भांडली नाही, न्याय कसा चुकला यावर बोलली नाही, पुढच्या वेळी पाऊल कसे टाकावे हेही तिने सांगितले नाही. घामाने आणि रक्ताने माखलेला चेहरा तिने पुसला आणि ती बाजूला झाली. देवळाच्या पायरीवरच्या त्या मावशी दर उपवासकाळात या स्थानाशी थोडा अधिक वेळ गुडघे टेकून असतात. त्यांच्या गुडघ्यांचा विचार केला तर ते सोपे नाही.

मुंबईची ती शर्यत पुढे मी एकदा रस्त्याकडेला उभा राहून पाहिली. देवगिरी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून पोहोचलो आणि वांद्र्याकडून धावपटू माहीमला परत येतात त्या बाजूला जागा धरली. अग्रेसर मंडळी वाऱ्यासारखी निघून गेली; त्यांचे चेहरेही नीट दिसले नाहीत. खरी गर्दी नंतरची. पोटरीत गोळे आलेले, ओठ सुकलेले, घड्याळाकडे पाहणे सोडून दिलेले लोक. माझ्या शेजारी एक कुटुंब संत्री सोलून फोडी ताटात मांडून उभे होते, धाकट्या मुलीच्या हातात मिठाची वाटी होती. धावणारे फोडी उचलत, चिमूटभर मीठ जिभेवर ठेवत आणि पुढे जात. कितवे आलात, हे त्या मुलीने कोणालाही विचारले नाही. विचारायला कोणी थांबतही नव्हते. दुपारी ताट रिकामे झाले तेव्हा तिने आईकडे आणखी संत्री मागितली.